‘बव्हेरियाचा ड्यूक लुडविग’ नेमका कोणता?

जुन्या दस्तात हे नाव आलं की आधी साल बघा, मग गाव. बव्हेरिया म्हणजे दक्षिण जर्मनीतलं एक राज्य; त्याच्या 1392 च्या वाटणीनं म्युनिक, लँड्सहूट आणि इंगोलश्टाट अशा तीन गाद्या झाल्या. नावं मात्र तीच ती.

1413 ते 1443 आणि इंगोलश्टाट जुळलं, तर तो दाढीवाला सातवा लुडविग. याला 1443 मध्ये पोटच्या पोरानंच, आठव्या लुडविगनं, कैद केलं.

1450 ते 1479, लँड्सहूट: श्रीमंत नववा लुडविग. घोळ होतो तो इथेच. 1472 चं इंगोलश्टाट विद्यापीठ बघून अनेकजण संस्थापक म्हणून दाढीवाल्याचं नाव ठोकून देतात. पण तो 1447 मध्येच वारला आणि इंगोलश्टाट लँड्सहूटकडे गेलं.

तारीख 25 ते 31 डिसेंबरमधली असेल तर जपून: बऱ्याच जर्मन दप्तरांत नवं साल नाताळालाच लागायचं, म्हणून एक वर्ष वजा करावं लागतं.