पिस्तुलाची उडालेली झिलई: किती भरायची, किती सोडायची

वापरलेलं पिस्तूल हातात आलं की नजर आधी उडालेल्या रंगावर जाते. माझं नाइन एमएम अख्खं पोलादी आहे. होल्स्टरमध्ये घासून स्लाइडचं, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाचं, पुढचं टोक दोन्ही बाजूंनी पांढरं पडलंय आणि मुठीवर जिथे बोटं बसतात तिथे नुसतं पोलाद दिसतं. एवढं मला चालतं. तपकिरी ठिपका मात्र चालत नाही, त्यामुळे रंगाच्या बाटलीआधी मी गंज शोधायला बसतो.

मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी पाहा, मग बोटाने चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. पिस्तूल नेहमीच्या सफाईला उघडतो तेवढं उघडा आणि मुठीवरच्या लाकडी पट्ट्याही काढा. घाम झिरपून साठतो तो त्यांच्याखाली. वरून लखलखीत दिसणाऱ्या पिस्तुलाची खरी अवस्था तिथे कळते.

आता फिनिश कोणतं ते ओळखायचं. निळसर काळी चमक असेल तर ते ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादाच्याच पृष्ठभागावर तयार केलेला काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. राखाडी किंवा काळं, खरखरीत आणि चमक नसलेलं असेल तर बहुधा पार्करायझिंग; हा फॉस्फेटचा थर सच्छिद्र असल्यामुळे तेल छान धरून ठेवतो. फ्रेमला, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्याला, चुंबक चिकटत नसेल तर ती बहुतेक ॲल्युमिनियमची आहे, आणि खाली सांगतोय ते कोल्ड ब्ल्यूइंग, म्हणजे बाटलीतलं द्रावण न उकळता लावून काळं करणं, तिच्यावर चालत नाही. स्टेनलेसवरही ते धरत नाही. पण स्लाइडला वापरलं जाणारं स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला चिकटतं, म्हणून तिथे एकट्या चुंबकावर भिस्त ठेवू नका. निकेलचा मुलामा उडाला असेल तर घरी काही करू नये, आणि अमोनिया असलेलं सॉल्व्हंट तर त्याला अजिबात लावू नये. मुलाम्याखाली तांब्याचा थर असला तर भेगांमधून आत शिरून ते तोच खातं.

गंज काढायला हलकं तेल आणि सर्वांत बारीक, म्हणजे 0000 नंबरचं स्टील वूल. तेलाचे दोन-तीन थेंब टाका, थोडं मुरू द्या आणि जोर न लावता घासा. तपकिरी निघतं, काळं बहुतेक टिकतं. पॉलिश पेपर दोन्ही काढतो. व्हिनेगर आणि गंज उतरवायची आम्लाची द्रावणं तर चांगलं ब्ल्यूइंगसुद्धा धुऊन नेतात, त्यामुळे ती बाटली टेबलावरही नको. कोरलेली अक्षरं आणि सीरियल नंबर यांच्या आसपास हात आणखी हलका ठेवा. नंबर पुसट झाला तर बहुतेक देशांत तो गुन्हा ठरू शकतो.

मग रंग. कोल्ड ब्ल्यूइंगच्या बहुतेक द्रावणांत सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात. ते विषारी असतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. सगळं यश तेल काढण्यावर आहे. ॲसिटोनने पुसा, कापड बदलून पुन्हा पुसा, आणि त्यानंतर उघड्या बोटाने त्या जागेला शिवू नका. बोटाचा ठसा रंगात तसाच उमटतो. भाग हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेल इतका तापवा. कापसाच्या बोळ्याने द्रावण एका दमात लावा, डबक्यासारखं साचू देऊ नका. अर्धा-एक मिनिट थांबून, किंवा बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ देऊन, पाण्याने धुवा, कोरडं करा आणि स्टील वूल हलकेच फिरवा. पहिला हात फिका आणि डागाळ दिसतो. तीन-चार हातांत तो गडद होतो. कडांकडे द्रावण विरळ करत न्या, म्हणजे जुन्या-नव्याची रेघ दिसत नाही. तरीही मूळ निळाई हुबेहूब जुळेल ही आशा सोडा. कारखान्यातलं ब्ल्यूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण 140 अंश सेल्सिअसच्या उकळत्या द्रावणात होतं, आणि ते घरच्या गॅसवर करायचं काम नाही.

शेवटचा हात झाला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून पुन्हा धुवा. आम्लाचा अंश राहिला तर नव्या काळ्या रंगातूनच दुसऱ्या दिवशी गंज डोकावतो. पूर्ण सुकवून भरपूर तेल लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसा.

हा रंग मुख्यतः दिसण्यापुरता असतो. होल्स्टरची घासाघीस तो फार सोसत नाही, गंजही फारसा अडवत नाही. ते काम तेलाचं आणि मेणाचं. बाहेरच्या पृष्ठभागावर मी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देतो आणि सुकल्यावर कापडाने घासतो, कारण हाताळताना तेल पुसलं जातं तसं मेण लगेच जात नाही. सरकणाऱ्या भागांना तेलच द्या. मुठीच्या पट्ट्यांखालीही मेण लावा, पुन्हा तिथे कधी बघाल सांगता येत नाही.

पिस्तूल जुनं, संग्रहमूल्य असलेलं असेल तर यातलं रंगाचं काहीच करू नका. मूळ झिजलेली झिलई संग्राहकाला नव्या रंगापेक्षा मोलाची वाटते. गंज थांबवा आणि तेल लावा. संपूर्ण स्लाइडच उघडी पडली असेल तर मात्र बोळा घेऊन बसण्यात अर्थ नाही, बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून पुन्हा गरम ब्ल्यूइंग किंवा भट्टीत भाजायचं सिरॅमिक कोटिंग करून घ्या.

ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमधून बाहेर काढून ठेवा. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात राहिलेली असू शकतात. फोमच्या पेटीतही ओल अडकते. कुलूपबंद कपाटात सिलिका जेलची पाकिटं ठेवा, आणि हाताळून परत ठेवताना तेलाच्या फडक्याने बोटांचे ठसे पुसून घ्या.