बार्सिलोनात फोन गेला आणि बिल आलं ३८० पौंड

आम्ही लंडनला राहतो, सुट्टीत बार्सिलोनाला गेलेलो, मेट्रोत शिरताना दारातल्या रेटारेटीत खिशातून फोन गेला. मी आपली बँकेची ॲप्स बंद करत बसले, सिमचं डोक्यातच आलं नाही, कंपनीला कळवलं ते थेट रात्री, नवऱ्याच्या मोबाईलवरून. तोवर चोरट्यानं सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये घालून कुठले कुठले महागडे नंबर लावलेले. फोनला लॉक होता हो, पण सिमला पिन नव्हता, तिथेच घोळ झाला.

कंपनी म्हणे, कळवेपर्यंतचे सगळे कॉल तुमचेच. काँट्रॅक्ट उघडून बघितलं तर २४ तासांत कळवलं तर जास्तीत जास्त १०० पौंड, असं त्यातच लिहिलेलं (ब्रिटनमधल्या काही मोठ्या कंपन्यांनी २०१५ मध्येच हे मान्य केलंय). मग स्पेनच्या पोलिसांकडची तक्रार, तिकडे तिला देनुन्सिया म्हणतात, तिची कॉपी आणि मी कॉल केल्याची वेळ जोडून लेखी तक्रार टाकली. २८० परत आले.

आता बिलाला लिमिट लावलंय. ऑक्टोबर २०१८ पासून नवीन काँट्रॅक्ट करताना कंपनीला ते विचारावंच लागतं, मीच तेव्हा घाईत नको म्हणून टिक केलेलं. सिमला पिनही टाकलाय, नवऱ्याच्या सिमलाही, तो मात्र दर वेळी मलाच विचारतो.