ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला निघालेल्यांसाठी

कीबोर्डवर हात बसला, चार गाणी जमली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, कुठला कीबोर्ड घेऊ?" मी आधी विचारतो, वाजवणार कुणाबरोबर? भजनी मंडळात, भावगीतांच्या कार्यक्रमात, ऑर्केस्ट्रात की घरी एकट्यानेच? कारण कीबोर्डवाल्याचं निम्मं काम दुसऱ्या वादकांच्या जागी उभं राहण्याचं असतं. बासरीवाला आला नाही तर बासरी आपण. सतारवाल्याचं मानधन बजेटमध्ये बसत नसेल तर सतार आपण. व्हायोलिनचा ताफा तर आता बहुतेक वेळा आपणच असतो. ती वाद्यं प्रत्यक्षात कशी वाजतात हे ज्याला कळलं, त्याच्या हातात साधा कीबोर्डही बोलतो. ज्याला कळलं नाही, त्याचा लाखाचा कीबोर्डही कीबोर्डसारखाच वाजतो.

याचं ठसठशीत उदाहरण 1954 सालच्या 'नागिन' चित्रपटात आहे. हेमंतकुमारांच्या त्या संगीतातली पुंगी खरी पुंगी नव्हती. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन वाजवलं होतं आणि रवींनी हार्मोनियम. क्लॅव्हिओलिन म्हणजे इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्हवर चालणारं, एका वेळी एकच स्वर देणारं छोटं कीबोर्ड वाद्य. गारुडी सूर तुटू न देता स्वरांना झटके देत कसा फिरतो, ते या दोघांच्या बोटांत उतरलं होतं, म्हणून लोकांना ती पुंगीच वाटली. आज आपल्याकडे हजार-हजार टोन, म्हणजे वाद्यांचे तयार आवाज, आहेत, पण हे काम अजून बोटांनाच करावं लागतं.

सतारीचंच घ्या. नवीन मुलं सतारीचा टोन लावतात, स्वर दाबतात आणि मग बेंडचं, म्हणजे स्वर वर-खाली सरकवणारं, चाक हलवतात. चढती मींड, म्हणजे खालच्या स्वरावरून वरच्यावर घसरत जाणं, अशी ठीक येते. उतरत्या मींडेसाठी सतारवाला तार आधी ओढून ठेवतो, मग नखीने छेडतो आणि मग सोडतो. कीबोर्डवरही तेच करायचं. आधी चाक वर नेऊन धरायचं, मग की दाबायची, मग चाक सावकाश सोडायचं. बेंडची मर्यादा बहुतेक कीबोर्डांवर दोन सेमिटोनची (अर्ध्या सुरांची) असते. सतारीसाठी ती चार-पाच करून घ्या आणि रोज फक्त एक मींड घासा. डाव्या हाताचा अंगठा नेमका कुठे थांबला की स्वर सुरात येतो, हे हाताला कळायला काही महिने लागतात. तेवढे द्या.

बासरी वाजवताना श्वास घ्या, अगदी खरोखरचा. तुमचा श्वास संपेल तिथे फ्रेज संपली पाहिजे. स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवरचा पाय काढा, कारण बासरीत दोन स्वर एकमेकांवर रेंगाळत नाहीत. आवाजाचा चढउतार एक्स्प्रेशन पेडलने करा. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर म्हणजे मधल्या सीच्या खालचा जी. त्याच्या खाली गेलात तर तो व्हायोला किंवा चेलो झाला, मग तिथली चालही तशी हवी. शक्य असेल तेव्हा या वादकांच्या शेजारी बसा, त्यांचे हात बघा, चहाच्या वेळी विचारा. वादक मंडळी हे आनंदाने सांगतात, मला तरी कुणी कधी नाही म्हटलेलं नाही.

आता खरेदी. पैसे बेताचे असतील तर 61 कीजचा, टच सेन्सिटिव्ह (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज देणारा) आणि बेंडचं चाक असलेला कीबोर्ड पुरे. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत भारतीय ठेके आणि वाद्यं मिळतात, घरच्या रियाजाला ती चांगली. स्टेजवर उतरायचं असेल तर रोलँडच्या एक्सपीएस-30 सारखं काहीतरी बघा, म्हणजे स्प्लिट (दोन हातांना दोन टोन), लेयर (एकावर एक टोन) आणि स्वतःचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) या गोष्टी हाताशी येतात. ऑटो ठेक्यांवर मात्र मान टाकू नका. समोर ढोलकीवाला बसलेला असताना कीबोर्डचा ठेका चालू ठेवणं हा त्याचा अपमान आहे.

सेकंडहँड घेणार असाल तर घाई करू नका. रोलँडचे एक्सपी मालिकेतले कीबोर्ड नव्वदच्या दशकात आले आणि आपल्याकडे अजून हातोहात फिरतात. प्रत्येक की हळू दाबून बघा, मग जोरात. कीच्या खाली रबराचे दोन कॉन्टॅक्ट असतात, त्या दोघांमधल्या वेळेवरून कीबोर्डला कळतं की तुम्ही किती जोरात वाजवलं. धूळ बसली किंवा दमट हवेने त्यातला एक बिघडला की ती की हळू दाबली तरी ओरडते किंवा मुकी होते. रबर साफ करून किंवा बदलून हे सुटतं, पण किमतीत धरून घ्या. बेंडचं चाक सोडल्यावर नेमकं मध्यावर येतं ना, तेही ऐका. एक्सपी-60, एक्सपी-80 मध्ये आत एक बटणासारखी बॅटरी असते. ती संपली की साठवलेले टोन पुसले जातात, म्हणून घेतल्या घेतल्या ती बदला आणि टोनचा बॅकअप ठेवा.

सुरांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते कीबोर्डवाल्याची खरी परीक्षा इथे असते. स्टेजवर बहुतेक वाद्यांना आपला सूर झटकन बदलता येत नाही. हार्मोनियमचे सूर आतल्या धातूच्या पट्ट्यांत, म्हणजे रीडमध्ये, पक्के असतात, ते घासून लावायचं काम कारागिराचं. पुष्कळ हार्मोनियम 440 हर्ट्झच्या (ए स्वराच्या प्रमाण कंपनसंख्येच्या) थोड्या वरही असतात. कीबोर्डला मात्र मास्टर ट्यून आहे, त्याने सगळे स्वर एकदम थोडे वर-खाली करता येतात. म्हणून तालमीला पोहोचलात की आधी हार्मोनियमवाल्याकडून एक स्वर मागा, तो कानात घ्या आणि आपण त्याच्याशी जुळा. ज्याला हलता येतं त्यानेच हलायचं.

नाट्यगीत किंवा रागावर आधारलेलं काही असेल तर आणखी एक काळजी घ्या. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरा असतो, आणि एक सेमिटोन 100 सेंटचा. ऐकायला फरक बारीक वाटतो, पण गायिका गंधारावर ठेहराव घेत असताना तुम्ही खाली मेजर कॉर्ड धरलीत तर तिचा सूर डळमळतो. अशा वेळी षड्ज-पंचम धरा आणि गंधार तिच्यासाठी सोडा. काही कीबोर्डांत स्केल ट्यूनिंग असतं, त्यात बारा स्वर वेगवेगळे सेंटने हलवता येतात, तेही शिका. 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियम आकाशवाणीच्या बाहेर होतं. त्यामागच्या तक्रारींत या ठरीव सुरांची तक्रार होती. आपलं वाद्य त्याच घराण्यातलं आहे, तेव्हा ती तक्रार आपण समजून घ्यायला हवी.

आता ट्रान्सपोज, म्हणजे बटणाने पट्टी वर-खाली करणं. गाण्याआधी गायक वळून म्हणतो, "दादा, घसा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ." तुम्ही एक बटण दाबलं, तुमचं काम झालं. तबलजीला काळी एक पट्टीचा तबला बाजूला ठेवून दुसरा काढावा लागतो किंवा हातोडीने उतरवावा लागतो. बासरीवाल्याला दुसरी बासरी शोधायची असते. गिटारवाल्याचा कापो (तारांवर लावायचा चिमटा) सूर वर नेतो, खाली नाही, म्हणून त्याला कॉर्डच बदलाव्या लागतात. बटण दाबण्याआधी सगळ्यांकडे बघून पट्टी मोठ्याने सांगा आणि माना हलल्याशिवाय सुरुवात करू नका. गायकांना आणि साथीदारांना अशा कीबोर्डवाल्याचा नंबर लक्षात राहतो. आणि सगळं सीमध्ये वाजवून ट्रान्सपोजवर भागवू नका. बाराही पट्ट्यांतून हात फिरला पाहिजे. काळी दोन म्हटल्यावर बोटं तिथे जावीत, नजर स्क्रीनवर नव्हे.

शिकायचं कुठे, हेही मुलं विचारतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा द्या किंवा ट्रिनिटीच्या कीबोर्डच्या ग्रेड्स. मी दोन्ही करायला सांगेन. पहिल्यातून कान तयार होतो, दुसऱ्यातून डोळे. नोटेशन वाचता येणाऱ्याला रेकॉर्डिंगच्या कामात फार कमी वेळ लागतो.

हे वाचणं आपल्याकडे रुजवलं ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या संगीतशाळांत स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकून ते मुंबईत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीताला व्हायोलिनचे मोठे ताफे, हार्मनी आणि लिहिलेले पीस (गाण्यातले वाद्यांचे तुकडे) दिले. पुढे सिंथेसायझर आले. 1983 च्या यामाहा डीएक्स7 वर एका वेळी 16 स्वर वाजत, आणि त्याच साली आलेल्या मिडीमुळे (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या पद्धतीमुळे) एका माणसाला अनेक वाद्यं एकत्र चालवता येऊ लागली. स्टुडिओतल्या खुर्च्या कमी होत गेल्या. आपल्या वाद्याने कितीतरी चांगल्या वादकांचं काम घेतलं, याची जाण प्रत्येक कीबोर्डवाल्याने ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे आयोजक एका तरी व्हायोलिनवाल्याला बोलवायला तयार असेल तर तुम्ही स्वतः त्याची शिफारस करा. कीबोर्डच्या स्ट्रिंग्जवर एक खरं व्हायोलिन ठेवलं की सगळा पीस जिवंत होतो. तुमच्या वाजवण्यालाही त्याने उठाव येतो.

स्टेजवरच्या सामानाचं थोडक्यात सांगतो. स्वतःचा डीआय बॉक्स (कीबोर्डची लाइन मिक्सरला नीट जोडणारी डबी), दोन जास्तीच्या जॅक केबल, स्वतःचं एक्स्टेन्शन आणि अडॅप्टर बरोबर ठेवा. दुसऱ्याचा अडॅप्टर लावताना व्होल्टेज आणि पिनच्या आतलं धन-ऋण दोन्ही बघा, कंपनीगणिक ते बदलतं. साउंडवाला एकच लाइन देत असेल तर जॅक लेफ्ट-मोनोला लावा, राइटला नाही. मैदानातल्या कार्यक्रमात दव आणि धूळ दोन्ही असतात, मध्यंतरात कीबोर्ड झाका. साउंडवाल्याशी नावाने बोला. मॉनिटर (आपल्याला ऐकायचा स्पीकर) कमी-जास्त हवा असेल तर गाणं संपल्यावर सांगा, गाण्याच्या मध्ये हातवारे करू नका.

मानधन आधी ठरवा: नाइटचं किती, तालमीचं वेगळं का, प्रवास कुणाचा. हे फोनवर नाही, मेसेजवर असू द्या. माझे पैसे काही ठिकाणी बुडालेले आहेत, आणि प्रत्येक वेळी बोलणं तोंडीच झालेलं होतं. आणि ग्रुपमध्ये दोन कीबोर्ड असतील तर वाटणी तालमीतच करा. एकाने कॉर्ड्स आणि बेस सांभाळायचा, दुसऱ्याने पीस.

प्रत्येक कार्यक्रमाची एक वही ठेवा. गाणं, पट्टी (काळी-पांढरीतही आणि सी-डीमध्येही), कुठला टोन, पहिला पीस कुणाचा, शेवट किती वेळा. तुम्ही आजारी पडलात, घरात काही झालं, तर बदली येणाऱ्या मुलाला ती वही द्या. त्याने ती अर्ध्या तासात वाचून कार्यक्रम वाजवता आला पाहिजे, इतकी स्वच्छ लिहा.