खडकातला तरंगवेग मोजताय? या चुका टाळा

खडकाच्या कोअरमधून, म्हणजे कापून काढलेल्या दंडगोल नमुन्यातून, तरंग पाठवायचा, लांबीला वेळेने भागायचं, की वेग हाती आला. काम इतकं सोपं दिसतं म्हणूनच आकडे फसतात.

समजा कोअर ५० मिमी लांब आहे आणि पी-तरंगाचा (दाब-विरळतेने पुढे जाणाऱ्या, सर्वांत वेगवान तरंगाचा) वेग सेकंदाला ५,००० मीटर. प्रवासाला लागले फक्त १० मायक्रोसेकंद. केबल आणि ट्रान्सड्यूसर (कोअरच्या टोकांना लावलेले, तरंग सोडणारे आणि टिपणारे संवेदक) यांतच अर्धा मायक्रोसेकंद जात असेल आणि तो वजा केला नाही, तर वेग जवळपास ५ टक्के कमी येतो. लवचिकता गुणांक (खडक किती ताठ आहे याचं माप) वेगाच्या वर्गावर चालतो, म्हणून तिथे घट ९ टक्क्यांची. दोन ट्रान्सड्यूसर एकमेकांना थेट टेकवून हा विलंब आधी मोजा.

खरी डोकेदुखी एस-तरंगाची, म्हणजे आडवा हलत जाणाऱ्या, पीपेक्षा हळू तरंगाची. त्याच्या आधी पी-तरंगाची शेपटी पडद्यावर येते आणि नवखा माणूस तिलाच एस समजतो. मग एसचा वेग फुगतो. पी आणि एस वेगांचं गुणोत्तर १.४१ च्या खाली गेलं, तर पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर खडक बाजूंना किती फुगतो त्याचं माप) ऋण निघतं, म्हणजे दाबल्यावर खडक बाजूंनी आक्रसतो असं दिसतं. असं दिसलं की नवा शोध लागला म्हणून नाचू नका, आधी तरंगाची सुरुवात पुन्हा शोधा. एक एस-ट्रान्सड्यूसर १८० अंशांत फिरवून दुसरी नोंद घ्या: जी लाट उलटी होते ती एस, जी तशीच राहते ती पी. सिग्नलच दुबळा असेल तर टोकं समांतर घासली आहेत का, ट्रान्सड्यूसर आणि खडक यांच्या मधला लेप पुरेसा दाट आहे का, ते पाहा. पातळ द्रवातून एस-तरंग जात नाही. प्रयोगशाळांत चक्क मध वापरतात.

दाब न देता मोजलेला वेग बहुधा खडकातल्या सूक्ष्म भेगांचाच असतो. भूभौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस बर्च यांनी १९६० मध्ये १० किलोबारपर्यंतच्या (वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दहा हजार पट) दाबाखालची मोजमापं प्रसिद्ध केली. दाब वाढवत नेला की सुरुवातीला वेग झपाट्याने चढतो, भेगा मिटल्यावर आलेख सपाट होत जातो.

पाण्याने भरलेल्या कोअरचा १ मेगाहर्ट्झला मोजलेला वेग थेट भूकंपीय सर्वेक्षणाशी (जमिनीत तरंग सोडून केलेल्या पाहणीशी) जुळवू नका. तिथे वारंवारता साधारण दहा ते शंभर हर्ट्झ असते. मेगाहर्ट्झला छिद्रांतल्या द्रवाचा दाब समान व्हायला सवडच मिळत नाही, म्हणून खडक जास्त ताठ भासतो. माझ्या मते कोरडा कोअर मोजून गासमानच्या १९५१ च्या समीकरणाने (कोरड्या खडकाच्या मोजमापावरून द्रव भरलेल्या खडकाचा ताठपणा काढणाऱ्या) द्रवाचा परिणाम गणितात धरणं जास्त भरवशाचं, मात्र चिकणमाती फार असेल तर जपून.

शेलचा (चिकणमातीच्या थरांपासून बनलेल्या खडकाचा) एकच कोअर कापून थांबू नका. थरांना समांतर वेग थरांना काटकोनात मोजलेल्या वेगापेक्षा बराच जास्त असतो.