विद्यापीठाचे संकेतस्थळ दिव्यांग वापरकर्त्यांसाठी सुगम्य कसे करावे

संकेतस्थळ सुगम्य करायचे ठरले की बहुतेक विद्यापीठांत काम मुखपृष्ठापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. मुखपृष्ठ न्याहाळण्यासाठी कोणी विद्यार्थी संकेतस्थळावर येत नाही. तो प्रवेशाची सूचना वाचायला, अर्ज आणि शुल्क भरायला, परीक्षेचे वेळापत्रक उतरवून घ्यायला आणि निकाल पाहायला येतो. म्हणून पहिल्या दिवशी अशा पाच-सहा कामांची यादी करावी आणि प्रत्येक काम पहिल्या सूचनेपासून पावती हाती पडेपर्यंत सलग करून पाहावे. अर्जाची नऊ पाने निर्दोष असली आणि दहाव्या पानावरचे ‘सादर करा’ हे बटण केवळ माउसनेच दाबता येत असले, तर कीबोर्डवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या लेखी तो अर्ज अस्तित्वातच नाही.

जागतिक पातळीवरचा निकषही हेच सांगतो. वेबचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची ‘डब्ल्यूसीएजी’ नावाची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे आज जगभर आधार मानली जातात. त्यांची २.० ही आवृत्ती २००८ मध्ये, २.१ ही २०१८ मध्ये आणि २.२ ही ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. त्यांत ए, एए आणि एएए असे चढत्या कडकपणाचे तीन स्तर आहेत. संपूर्ण संकेतस्थळासाठी एए हा स्तर ठरवावा. एएए सरसकट सगळीकडे लावण्याची शिफारस खुद्द डब्ल्यूथ्रीसीही करत नाही. या तत्त्वांमधील एक अट फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही, ती अशी की अनेक पानांमधून पूर्ण होणारी प्रक्रिया असेल तर तिची सर्व पाने निकषात बसली पाहिजेत, तरच त्यांपैकी एकही पान सुगम्य असल्याचा दावा करता येतो.

माउस बाजूला ठेवून पहिला तास

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी तपासणी कीबोर्डची आहे. माउसची वायर काढून टाकावी आणि टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, एस्केप आणि बाणांच्या कळा एवढ्यांवरच ठरवलेले काम करून पाहावे. हातांची हालचाल मर्यादित असलेले पुष्कळ वापरकर्ते आणि जवळजवळ सर्व दृष्टिहीन वापरकर्ते संगणकावर याच मार्गाने फिरतात. मेनू केवळ माउस वर नेल्यावरच उघडतो का, उघडलेल्या चौकटीतून एस्केपने बाहेर पडता येते का, आणि आपण नेमके कोणत्या दुव्यावर आहोत हे दिसते का, हे तीन प्रश्न सतत विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असते, कारण देखणेपणासाठी कोणीतरी फोकसभोवतीची, म्हणजे त्या क्षणी निवडलेल्या दुव्याभोवतीची, रेघ काढून टाकलेली असते. ती परत आणायला शैलीपत्रकातील एक-दोन ओळी पुरतात. प्रत्येक पानाच्या अगदी आरंभी ‘मुख्य मजकुराकडे जा’ असा दुवा द्यावा, नाहीतर प्रत्येक पानावर मेनूतील तीस-चाळीस दुवे ओलांडल्याशिवाय मजकूर हाती लागत नाही.

तारीख निवडण्याच्या दिनदर्शिकेपाशी थोडे थांबावे. जन्मतारखेसाठी चालू महिना उघडणारी आणि एकेक महिना मागे नेणारी दिनदर्शिका दिली असेल, तर वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मागे जाण्याचे बटण २४० वेळा दाबावे लागते. दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन साध्या चौकटी दिल्या की हा प्रश्नच उरत नाही. छायाचित्र कापण्यासाठी कोपरा धरून ओढण्याची सोय असेल, तर न ओढताही, म्हणजे साध्या टिचकीने, तेच करता आले पाहिजे, आवृत्ती २.२ मध्ये ही अट आली. त्याच आवृत्तीने बटणांचे लक्ष्यक्षेत्र, काही अपवाद वगळता, किमान २४ बाय २४ पिक्सेल असावे असेही सांगितले आहे.

स्क्रीन रीडरने पान ऐकणे

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी आज्ञावली. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि ॲपलच्या साधनांवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. यांपैकी एक सुरू करावा, पडदा बंद करावा आणि विद्यापीठाचे सूचनांचे पान ऐकावे. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती पान वरपासून खालपर्यंत क्वचितच ऐकते. ती शीर्षकांवरून उड्या मारते किंवा सर्व दुव्यांची यादी काढते. सूचनांच्या पानाची अशी यादी काढली की कानावर काय पडते? ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, डाउनलोड, येथे क्लिक करा.’ त्याऐवजी ‘द्वितीय वर्ष वाणिज्य: परीक्षेचे वेळापत्रक’ असे दुव्याचे नाव ठेवले, तर यादीतूनच काम होते.

शीर्षकांचेही तसेच आहे. अक्षरे मोठी आणि ठळक केली म्हणजे शीर्षक होत नाही. त्याला पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीच्या शीर्षकाची खूण द्यावी लागते. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचून दाखवला जाणारा मजकूर, असावा. मात्र तो चित्र तिथे कशासाठी आहे हे सांगणारा असावा, चित्राचे रसभरीत वर्णन नव्हे. प्रवेशप्रक्रियेचे टप्पे चित्रात दाखवले असतील, तर ते टप्पे पानावर मजकुरात लिहावेत. नुसत्या सजावटीच्या चित्राचा पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते वगळून पुढे जातो.

निकालाचा तक्ता हा खरा कसोटीचा क्षण असतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याला ‘४२’ हा आकडा कोणत्या विषयाखाली आहे हे एका नजरेत कळते. ऐकणाऱ्याला मात्र ‘४२, ३८, ५१, अनुपस्थित’ एवढेच ऐकू येते. स्तंभांच्या आणि ओळींच्या मथळ्यांना मथळे म्हणून खूण केली असेल, तर स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्याआधी विषयाचे नाव उच्चारतो. एकात एक मिसळलेले रकाने शक्यतो टाळावेत, आणि पानाची मांडणी साधण्यासाठी तक्ता वापरूच नये.

मराठी पानांबाबत एक गोष्ट आवर्जून पाहावी. पानाची भाषा कोणती, हे त्याच्या संहितेत (कोडमध्ये) नोंदवलेले असते. साचा बाहेरून आणलेला असल्यामुळे मराठी पानावरही तिथे बहुधा इंग्रजीच नोंदवलेली राहते. मग स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने देवनागरी वाचायचा प्रयत्न करतो आणि शब्द विचित्र उच्चारतो किंवा मजकूर गाळतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठीची सोय आहे. तिचा लाभ व्हायचा तर पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला हवी आणि मधल्या इंग्रजी उताऱ्यांना वेगळी खूण द्यायला हवी.

रोजची परिपत्रके: खरी अडचण इथे आहे

संकेतस्थळाचा साचा एकदा दुरुस्त केला की वर्षानुवर्षे टिकतो. तो बिघडतो तो रोज चढवल्या जाणाऱ्या फायलींमुळे. परिपत्रक संगणकावर टंकलिखित होते, छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो, तो कागद स्कॅन होतो आणि त्याची पीडीएफ संकेतस्थळावर येते. या प्रवासात मजकुराचे छायाचित्र झालेले असते. मी पाहिलेल्या एका विद्यापीठात पुनर्मूल्यांकनाची मुदत अशाच एका तिरप्या स्कॅनमध्ये होती. स्क्रीन रीडरने त्या फाइलबद्दल ‘रिकामा दस्तऐवज’ एवढेच सांगितले, आणि मूळ टंकलिखित प्रत त्याच कार्यालयातल्या संगणकावर होती.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतपद्धत रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि ऐकणाऱ्याला निव्वळ खडखडाट ऐकू येतो. याची परीक्षा दहा सेकंदांची आहे: पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे तीच मराठी ओळ उमटली, तर मजकूर शाबूत आहे. भलतीच चिन्हे उमटली, तर फाइल पुन्हा युनिकोडमध्ये करायला हवी. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे. फाइल चढवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ही एवढी परीक्षा शिकवली, तरी निम्म्या तक्रारी उद्भवणार नाहीत असे माझे अनुभवाचे मत आहे.

यावरचा सर्वांत सरळ उपाय असा की परिपत्रकाचा मजकूर साध्या वेबपानावर द्यावा आणि सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर सोबत जोडावी. पीडीएफच द्यायची असेल, तर वर्डमध्ये शीर्षकांसाठी शैली वापराव्यात, चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा आणि फाइल ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ या मार्गाने पीडीएफ करावी. ‘प्रिंट’मधून पीडीएफ केली की मजकूर राहतो, पण शीर्षके, याद्या आणि तक्ते यांच्या खुणा गळून पडतात. जुन्या हजारो फायली एकदम दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये. चालू प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि अभ्यासक्रम यांच्या फायली आधी घ्याव्यात आणि इतर फायली मागणी आल्यावर ठरावीक दिवसांत करून देण्याची व्यवस्था ठेवावी. गणिती सूत्रे चित्र म्हणून न टाकता मॅथएमएल या वेबपानांवर सूत्रे लिहिण्याच्या पद्धतीने लिहिल्यास ती वाचून दाखवता येतात.

अर्ज, रंग आणि हलत्या पट्ट्या

अर्जातील प्रत्येक चौकटीला कायम दिसणारे आणि संहितेत तिच्याशी जोडलेले नाव हवे. चौकटीच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टंकायला सुरुवात करताच नाहीशी होते, म्हणून ती नावाची जागा घेऊ शकत नाही. चूक झाली की चौकट नुसती लाल करून भागत नाही. ‘पिनकोड सहा अंकी हवा’ असे शब्दांत, त्या चौकटीपाशीच सांगावे आणि आधी भरलेली माहिती पुसू नये. लॉगिन केल्यानंतरच्या सत्राला कालमर्यादा असेल, तर ती संपण्यापूर्वी इशारा द्यावा आणि साध्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत. वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चा दृष्टिहीनांना आणि वाचनाची अध्ययन-अक्षमता असलेल्यांनाही अडवतो. तो काढून सर्व्हरच्या बाजूने तपासणी करणे उत्तम. पासवर्डच्या चौकटीत मजकूर चिकटवायला बंदी घालणे हाही असाच निष्कारण अडथळा आहे.

रंगांबाबत डोळ्यांवर विसंबू नये, मोजमाप करावे. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ हवे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ७७७७७७ या संकेतांकाचा करडा रंग किंचित कमी पडतो आणि ७६७६७६ हा उत्तीर्ण होतो. नुसत्या नजरेने हा फरक कोणालाही ओळखता येणार नाही. उत्तीर्ण हिरवे आणि अनुत्तीर्ण लाल, एवढ्यावरच निकाल सांगू नये; शब्दही लिहावा. अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मजकूर कापला जाऊ नये आणि ३२० पिक्सेल रुंदीतही आडवे सरकावे लागू नये.

मुखपृष्ठावर सरकणारी सूचनापट्टी आणि लुकलुकणारे ‘नवीन’ हे चिन्ह यांचे विद्यापीठांना फार आकर्षण असते. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ हलणाऱ्या अशा मजकुराला थांबवण्याची सोय असलीच पाहिजे, असा निकष आहे. मी तर ती पट्टी काढून साधी यादी द्या असेच सुचवेन. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारे काहीही ठेवू नये, कारण त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

व्याख्यानांच्या चित्रफितींना उपशीर्षके हवीत. आपोआप तयार होणारी उपशीर्षके विषयातील संज्ञा आणि विशेषनामे हमखास चुकवतात, म्हणून ती माणसाने सुधारल्याशिवाय प्रसिद्ध करू नयेत. ‘हे इथे पाहा’ असे न म्हणता फळ्यावर काय आहे ते बोलून सांगण्याची सवय अध्यापकांनी लावून घेतली, तर दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळे वर्णन जोडण्याची गरज बरीच कमी होते.

विकतच्या गोष्टी आणि नंतरची देखभाल

एक ओळ चिकटवली की संकेतस्थळ सुगम्य होते, असे सांगून कोपऱ्यात व्हीलचेअरचे चिन्ह असलेली पट्टी विकली जाते. ती अक्षरे मोठी करते आणि रंग बदलते, पण ज्याला त्याची गरज असते त्याच्या संगणकात ही सोय आधीच असते. चौकटीला नाव नसणे किंवा परिपत्रक चित्र असणे, हे दोष ती भरवशाने दुरुस्त करू शकत नाही. ॲक्स किंवा वेव्ह यांसारखी मोफत तपासणी-साधने जरूर चालवावीत. मात्र पर्यायी मजकूर आहे की नाही एवढेच ती सांगतात, तो अर्थपूर्ण आहे का हे माणसालाच पाहावे लागते. शेवटची तपासणी स्क्रीन रीडर आणि इतर सहायक साधने रोज वापरणाऱ्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी, आणि हे काम मानधन देऊन करून घ्यावे.

प्रवेश, शुल्क आणि ग्रंथालय यांच्या प्रणाली बहुधा बाहेरच्या कंपन्यांच्या असतात. निविदेतच डब्ल्यूसीएजी २.२ चा एए स्तर लिहावा, आणि खरेदीपूर्वीच्या प्रात्यक्षिकात कंपनीच्या प्रतिनिधीला माउसशिवाय संपूर्ण अर्ज भरून दाखवायला सांगावे. करार झाल्यानंतर अशा दुरुस्त्यांसाठी वेगळे पैसे मागितले जातात.

संकेतस्थळावर सुगम्यता निवेदनाचे एक पान असावे. कोणता भाग सुगम्य आहे, कोणता अजून नाही आणि तो कधीपर्यंत होईल, हे त्यात स्पष्ट लिहावे. अडचण कळवण्यासाठी दूरध्वनी आणि ईमेल, दोन्ही द्यावेत, कारण कर्णबधिर व्यक्तीला पहिल्याचा आणि टंकन कठीण जाणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्याचा उपयोग नसतो. उत्तर देणाऱ्याचे पद आणि मुदत तिथेच नमूद करावी. अर्जाची शेवटची तारीख जवळ असताना आलेली तक्रार त्याच दिवशी हाताळावी, आणि अडथळा विद्यापीठाच्या बाजूने असेल तर त्या विद्यार्थ्याला मुदत वाढवून देण्याचा अधिकार तक्रार घेणाऱ्यालाच द्यावा.