अभ्यागत संशोधक म्हणून परदेशी जाण्यासाठी अर्ज करताना

अर्जाची सुरुवात फॉर्मपासून नव्हे, तर यजमान प्राध्यापकांना लिहिलेल्या पत्रापासून करावी. कारण अनेक शिष्यवृत्त्यांसाठी त्यांचे निमंत्रणपत्र जोडावे लागते आणि ते हाती येण्यास कित्येक आठवडे जातात. पत्रात स्तुती नको. ‘आपल्या संग्रहातील अमुक हस्तलिखिते मला चार महिने अभ्यासायची आहेत’ हे एक नेमके वाक्य पानभर परिचयापेक्षा अधिक काम करते. हेच संशोधन मायदेशी राहून का होऊ शकत नाही, हे अर्जातील संशोधन-आराखड्यात स्पष्ट लिहावे. माझ्या मते अर्जाचा खरा कस इथेच लागतो. विद्यावेतनात विमा आणि प्रवासखर्च धरला आहे का, हे आधीच तपासावे. अमेरिकेला जे-१ व्हिसावर, म्हणजे शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर, जाणाऱ्यांनी, सरकारी निधी घेतल्यास नंतर २ वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होऊ शकते, हे ध्यानात घ्यावे.