सर टर्मवर्कवरून धमकावतायत? मग असं करा

टर्मवर्क म्हणजे सत्रभरातल्या जर्नल, असाइनमेंटचे कॉलेजातल्या सरांच्या हातातले मार्क. आधी बघा, सर नुसते कडक आहेत का खरंच छळतायत. जर्नल अपुरं म्हणून परत दिलं, हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लावलं, तर चिडचिड होते पण ते नियमातच आहे. पण सगळ्या बॅचच्या फाइलवर सही होते आणि तुमचीच परत येते, कारण सांगत नाहीत, वर "वायवाला (तोंडी परीक्षेला) ये, बघतो तुला", किंवा जातीवरून, इंग्लिशवरून भर वर्गात टोमणे, हा छळ झाला.

त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: तारीख, लेक्चर, सर नेमकं काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, समोर कोण होतं. उशीर केला की "सर नेहमी अपमान करतात" एवढंच उरतं आणि ते तक्रारीच्या कमिटीसमोर टिकत नाही. फाइल परत आली की साधा मेल टाका, "सर, आज एक्सपेरिमेंट ४ परत मिळालं, काय दुरुस्त करू ते कळवावं." भांडण नाही काही नाही, पण तारखेचा पुरावा झाला. आणि क्लासच्या ग्रुपवर सरांना शिव्या घालू नका, स्क्रीनशॉट फिरतात!

बरेच जण अँटी रॅगिंग सेलकडे धावतात, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांत रॅगिंग म्हणजे विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्याला दिलेला त्रास, त्यामुळे सरांची तक्रार तिथे बसत नाही. तुमची जागा म्हणजे विद्यार्थी तक्रार निवारण समिती, यूजीसीच्याच २०२३ च्या नियमांनी ती कॉलेजला ठेवावीच लागते, १५ कामकाजाच्या दिवसांत तिने अहवाल द्यायचा असतो, निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या अपिलांसाठी नेमलेला अधिकारी) अपील. लैंगिक त्रास असेल तर मात्र थेट कॉलेजची अंतर्गत समिती (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची), घटनेपासून तीन महिन्यांच्या आत.

टर्मवर्कचे मार्क विद्यापीठाकडे जायच्या आधीच अर्ज द्या, नंतर ते बदलून घेणं फार अवघड. एकट्याने देऊ नका, त्याच सरांनी छळलेले अजून दोघंतिघं असतातच, त्यांच्याही सह्या घ्या. घरी सांगा. झोप उडाली असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट आहे. आणि ऑफिसातला क्लार्क "ठेवून जा, सरांना देतो" म्हणेल, हो म्हणू नका, दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट सही-शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही.